शनिवारी गप्प राहणारी गाडी

“शनिवारी माझी गाडी गप्प, मीपन गप्प. दोघांतला कोन बिघडलाय ते भायेरून कळायचं नाय हां, अनिता.”

शेजारचे आरोनकाका असं म्हणाले आणि अनिताने ते हसण्यावारी नेलं. बोलणंही तसंच होतं. काका दारात उभे होते, हातात स्टीलचा नवा थर्मास, त्यावरचं दुकानाचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं. शनिवारी सकाळी चहा ठेवायला यायची आता गरज नाही, शुक्रवारीच चहा करून यात भरून ठेवीन, तू तुझ्या पोरीकडे बघ, एवढं सांगायला ते आले होते. चिमी तेव्हा काही महिन्यांची होती. तिची छाती सारखी भरलेली आणि अनिताचे कान सारखे तिच्या श्वासाला लागलेले. एक काम कमी झालं म्हणून तिला खरं तर बरंच वाटलं. काकांच्या त्या वाक्यात थट्टा किती आणि सांगणं किती, हे बघायला तिला तेव्हा सवड नव्हती.

पेणच्या त्या आळीत एके काळी बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं ओळीने होती. एकेक कुटुंब इस्रायलला गेलं, घरं विकली गेली. कुठे गणपतीचा कारखाना झाला, कुठे मोबाईलचं दुकान. मागे राहिले ते आरोनकाका. पोस्टातून निवृत्त झालेले, उंच, चालताना किंचित पुढे झुकणारे. बायको एस्थरकाकू वारून काही वर्षं झाली होती. मुलगी शीरा तिकडे अश्दोदला. ती प्रत्येक फोनवर बोलवायची आणि काका प्रत्येक फोनवर म्हणायचे, पावसाळा सरू दे, मग बघू.

शुक्रवारी दिवस मावळला की काकांच्या घरी शब्बाथ लागायचा, तो शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात त्यांनी विस्तव पेटवायचा नाही आणि गाडीला हात लावायचा नाही. म्हणून शनिवारी सकाळी शेजारच्या कोणीतरी जाऊन त्यांचा स्टोव्ह पेटवून चहा ठेवायचा, अशी आळीची रीत होती. आधी अनिताची आई जायची, मग फ्रॉकमधली अनिता जायला लागली. काड्यापेटी घेऊन ती धावत सुटायची. एस्थरकाकू ओट्याजवळ हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि पंप किती मारायचा, आच कितपत ठेवायची, दूध कधी घालायचं ते सांगत राहायच्या. सगळं घर त्या एका दिवसापुरतं अनिताच्या हुकमतीत. सण नुकताच होऊन गेलेला असला तर निघताना हातावर गव्हाच्या चिकाच्या हलव्याची वडी पडायची, नारळाच्या दुधातली, अशी की जिभेवर ठेवली की तिला चावायची वेळच येऊ नये.

आता मात्र थर्मास आला होता. शनिवारी काकांच्या दाराकडे कोणी जात नव्हतं आणि त्यात कोणाला काही चुकल्यासारखंही वाटत नव्हतं.

बाकीच्या दिवशी काकांची खबर त्यांची गाडीच देत असे. सकाळी पाव आणि पेपर आणायला ते लाल मोटारसायकल काढत. आताच्या गाड्यांचं काय, बटण दाबलं की झालं. ही गाडी जुनी, कार्बोरेटरची. थंडीत तिला उठवणं हे एक कर्मकांडच होतं आणि अनिताला ते आवाजावरून पाठ होतं. आधी पेट्रोलच्या कॉकची बारीक कुरकुर. मग जरा शांतता, कारण पेट्रोल खाली उतरायला वेळ द्यायचा. मग चोकचा खटका. मग चावी न लावता मारलेल्या दोन रिकाम्या किका. मग चावी, मग खरी किक आणि मग तो आवाज, आधी घसा बसल्यासारखा, हळूहळू मोकळा होत जाणारा. शेवटी चोक परत ढकलल्याचा खटका आला की समजायचं, काका निघाले.

हे पाठ असायला कारण होतं. अनिताचे वडील बाबाजी आणि काका यांनी एकाच दिवाळीत, एकाच दुकानातून, दोन सारख्या गाड्या घेतल्या होत्या. काळी बाबाजींची, लाल काकांची. दोघांचा रविवार ठरलेला असे. रोह्याला, नदीपलीकडे अष्टमी गावात, एस्थरकाकूंचं माहेर. तिथे त्यांच्या लोकांचं प्रार्थनेचं एक जुनं घर होतं. काका त्याला मशीद म्हणत, म्हणून आळीतले सगळेच मशीद म्हणत. तिथली माणसंही परदेशी गेली तशी किल्ली काकांकडे आली. रविवारी जाऊन खिडक्या उघडायच्या, झाडून काढायचं, दिव्याच्या काचा पुसायच्या. एवढ्याशा कामाला दोन गाड्या कशाला, असं अनिताची आई विचारायची. त्यावर बाबाजी म्हणायचे, “एकाची बंद पडली तर दुसऱ्याने हसायला नको?”

बाबाजींच्या टाकीवर अनिता, काकांच्या टाकीवर शीरा. थंडीच्या दिवसांत गडबजवळ शेतांवर धुकं असायचं आणि दोघींच्या पापण्यांवर दव बसायचं. गडबला चहा, नागोठण्याला पुन्हा चहा, मग भिसे खिंडीचा चढ. खिंडीत दोन्ही गाड्यांचा आवाज एक व्हायचा आणि शीरा ओरडून विचारायची, यातली माझी कुठली. रोह्याला मशिदीच्या पायरीवर बसून मुली पोहे खायच्या. बाबाजी शिडी धरायचे, काका वर चढून काचा पुसायचे. परत निघताना इंजिन गरम असे, तरी बाबाजी अनिताला धडा द्यायचे. थंड इंजिन म्हणजे झोपेतलं पोर, एकदम हलवलंस तर रडणार. किक मारून चालू होत नसेल तर लाथा मारत बसायचं नाही, प्लग काढून बघायचा. प्लग ओला असला तर पेट्रोल जास्त झालंय, कोरा असला तर पोचतच नाही. आणि एक नेहमीचं वाक्य: उजवा पाय नुसती लाथ मारतो, गाडीला जागं करतो तो डावा हात. कॉक डावीकडे, चोकही डावीकडे.

बाबाजी गेले. काळी गाडी विकली, कारण चालवणारं कोणी नव्हतं. अनिताचा नवरा सुशील नागोठण्याच्या पुढे कंपनीत शिफ्टला जायचा, तो कंपनीच्या बसने. वडिलांच्या घरात राहणाऱ्या अनिताला वडिलांच्या गाडीचा आवाज रोज शेजारच्या अंगणातून ऐकू यायचा. त्यावरच तिचा दिवस सुरू व्हायचा. चिमीही तो ऐकल्याशिवाय पहिला घास घ्यायची नाही. “भुर्र गेली?” विचारायची, मगच तोंड उघडायची.

चिमी बोलायला लागली त्या वर्षीच्या पौषातला एक शनिवार नेहमीसारखा शांत गेला. रविवारी सकाळी अनिता चिमीला नाचणीची पेज भरवत होती. सुशील रात्रपाळीवरून येऊन झोपला होता. शेजारून किकेचा आवाज आला. मग पुन्हा. मग पुन्हा. मध्ये थांबा, धाप लागल्यासारखा, आणि परत किक.

अनिताचा चमचा थांबला. कॉकची कुरकुर तिने ऐकली नव्हती. चोकचा खटकाही नाही. मग तिला वाटलं, चिमीच्या बडबडीत निसटलं असेल.

“भुर्र नाय,” चिमी म्हणाली आणि तिने तोंड मिटून घेतलं.

तिला काखेत मारून अनिता शेजारी गेली. काका गाडीजवळ उभे होते. रोह्याला जायचा पांढरा शर्ट, वर स्वेटर, कपाळावर घाम. त्या थंडीत घाम. दाढी केलेली, पण एकाच गालाची. दुसऱ्या गालावर पांढरे खुंट तसेच. घाईत राहिली असेल, असं तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं. ती गाडीच्या विचारात होती. तिला काकांना गाडी चालू करून द्यायची होती, आणि खरं सांगायचं तर तिला आतून आनंदच झाला होता. किती वर्षांनी तिच्या हातात पाना येणार होता.

“कालचा दिवस उभी व्हती ना, म्हनून रुसली,” काका म्हणाले. बोलणं जरा जड वाटलं. तोंडात काहीतरी असल्यासारखं.

तिने विचारलं, कॉक उघडला होता? उघडला. चोक ओढला? ओढला की गो, तुझ्या बापाने शिकवला तसा. ते पायरीवर बसले आणि अनिताने चिमीला त्यांच्याजवळ बसवून काम सुरू केलं. टाकी हलवून पाहिली, आत पेट्रोल चांगलं खळखळलं. बाजूच्या झाकणाआडून पाना काढला. प्लगची टोपी उपसली, पाना बसवला आणि अंगातला सगळा जोर लावून प्लग सोडवला. पदराने पुसायच्या आधी नाकाशी धरला. वास नाही. बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत.

बाबाजी शेजारी उभे असल्यासारखं तिला वाटलं. कोरा म्हणजे पोचत नाही. पण आधी ठिणगी बघ. तिने प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवला, चावी फिरवली आणि हाताने किक खाली दाबली. निळी ठिणगी चटकन उडाली. चिमीने टाळ्या वाजवल्या. म्हणजे वीज आहे, पेट्रोल नाही. टाकीत आहे आणि खाली नाही. तिने वाकून टाकीखाली पाहिलं.

कॉक बंद होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काका तो बंद करून ठेवत, म्हणजे दोन रात्रींत पेट्रोल उडून किंवा गळून जायला नको. तो तसाच होता. तिने कार्बोरेटरकडे पाहिलं. चोकची दांडीही तशीच, खाली पडलेली.

तिला हसू आलं. “काका, काहीच केलेलं नाही तुम्ही. नुसत्या लाथा मारल्यात.”

“केलं गो,” काका म्हणाले. रागावून नाही, अगदी साधेपणाने. “दोनी केलं.”

वय झालं, तिला वाटलं. विसरतात. तिने प्लग परत बसवला, कॉक उघडला, पेट्रोल उतरायला वेळ दिला, चोक ओढला. खटका. दोन रिकाम्या किका. चावी. आणि मग खरी किक. गाडी घसा खाकरून उठली. अंगणभर तो आवाज पसरला आणि अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानेही असेल. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून तिथल्या नितेशने डोकं बाहेर काढून विचारलं की वहिनी, गॅरेज टाकताय काय.

काका उठून गाडीपाशी आले. उजव्या हाताने त्यांनी मूठ धरली आणि बारीक रेस दिली, नेहमीसारखी, मान तिरकी करून आवाज ऐकत. इंजिन तापायला लागलं. आता चोक ढकलायची वेळ झाली होती. तेवढं काम त्यांचं. अनिता वाट बघत राहिली. आवाज जड झाला, काळा धूर यायला लागला, पेट्रोलचा उग्र वास सुटला.

“काका, चोक.”

“ढकलला ना.”

गाडी गुदमरली आणि बंद पडली.

काका गाडीकडे बघत होते, गोंधळून. “परत? आत्ता तर ढकलला.”

त्यांचा डावा हात बाजूला सरळ लोंबत होता. तो हललाच नव्हता. अनिताने आता पाहिलं ते एका पाठोपाठ एक: डाव्या गालावरची न केलेली दाढी, स्वेटरची अर्धी राहिलेली डावी बाही, आणि पायरीजवळ पडलेली डावी चप्पल. एका पायात चप्पल आणि दुसरा पाय थंडगार लादीवर, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

कॉक डावीकडे. चोकही डावीकडे.

गाडीत बिघाड नव्हताच.

अनिताला घरात सगळे चिंताक्का म्हणून चिडवत. चिमीला शिंक आली की ती मोबाईल उघडायची. ताप, दम, घशात अडकलेला दाणा, सगळं तिने वाचून ठेवलेलं. म्हाताऱ्या माणसाचं अंग एका बाजूने जातं आणि गेलंय हे त्याला स्वतःला कळतही नाही, तेव्हा काय बघायचं, तेही. तिने आवाज चढू दिला नाही.

“काका, दोन्ही हात वर करा बघू.”

“काय, चोर पकडला काय?” म्हणत काकांनी उजवा हात वर केला. डावा खालीच राहिला.

“दोन्ही.”

“दोनीच हायत ना वर,” काका म्हणाले.

तिने नितेशला हाक मारली. नितेशकडे गणपती पोचवायचा टेम्पो होता, मागे भाताच्या पेंढ्याचा जाड थर. तो म्हणाला, मूर्तीचं बोटसुद्धा कधी मोडलं नाही वहिनी, चला. काकांना पेंढ्यावर आडवं केलं, अनिता त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सुशीलला उठवून तिने चिमीला त्याच्याकडे दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मुलीला मागे ठेवताना तिने चार सूचना केल्या नाहीत. काकांनी वाटेत एकदाच विचारलं, मशिदीच्या खिडक्या कोण उघडणार. ती म्हणाली, मी.

पेणच्या डॉक्टरांनी बघितलं आणि पुढे पनवेलला पाठवलं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: केव्हापासून? पहिल्या काही तासांत देता येणारं औषध असतं, म्हणून ते विचारत होते. अनिताने काकांकडे पाहिलं. काका जरा आठवून म्हणाले, काल सकाळी थर्मासमधला चहा ओतताना कप हातातून पडला. मग आडवा झालो. शनिवारी आडवंच असतो मी.

म्हणजे सगळा शनिवार. भिंतीपलीकडे चिमी खेळत होती, अनिता कपडे वाळत घालत होती, नितेशच्या कारखान्यात रेडिओ चालू होता आणि काकांची गाडी गप्प होती, जशी शनिवारी असायलाच हवी तशी. त्या औषधाची वेळ टळून गेली होती. डॉक्टर म्हणाले, जीवाचा धोका आता दिसत नाही, हाताचं मात्र सांगता येत नाही.

रात्री शीराचा फोन आला. ती रडली, मग म्हणाली, “शनिवारी तू जायचीस ना गं, काड्यापेटी घेऊन.” बोलण्यात ठपका नव्हता. तिला लहानपण आठवलं होतं इतकंच. पण अनिताला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की स्टोव्ह पेटवायची ती रीत चहापुरती कधीच नव्हती. ज्या दिवशी घरातून कसलाच आवाज येणार नाही, त्याच दिवशी कोणीतरी आत जाऊन बघून यायचं, हे आळीने न बोलता ठरवलेलं होतं. एका थर्मासने ते मोडलं आणि मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

काका घरी आले ते महिन्याभराने. पाय बऱ्यापैकी परत आला, जीभ सुटली, हात अर्धामुर्धा. शीरा येऊन राहिली. न्यायचं म्हणत होती, पण काका म्हणाले, पावसाळा सरू दे. ती गेल्यावर अनिताने थर्मास उचलून माळ्यावर टाकला आणि पुढच्या शनिवारी काड्यापेटी घेऊन गेली. आता गॅस आहे, लायटर आहे, तरी ती काड्यापेटीच नेते. चिमी पुढे धावते. काका ओट्याजवळ उभे राहून पाणी किती, साखर किती ते सांगतात, एस्थरकाकूंसारखेच, आणि चिमीला वाटतं की घर तिचं आहे.

लाल गाडी काका आता चालवत नाहीत, पण रविवारी ती चालू झालीच पाहिजे असा त्यांचा हट्ट. किक अनिता मारते. चोक मात्र काकांनी ढकलायचा. बोटं दांडीवर नेऊन ठेवायला त्यांना वेळ लागतो, इंजिन काळा धूर सोडायला लागतं, कधी कधी बंदही पडतं. मग पुन्हा किक. कोणीही घाई करत नाही. ज्या रविवारी खटका ऐकू येतो त्या रविवारी चिमी पेजेचा वाडगा चाटूनपुसून संपवते.

या दिवाळीनंतर सुशीलची बदली रोह्याच्या कारखान्यात झाली आणि राहायला जागाही तिथेच मिळाली. मशिदीची किल्ली आता अनिताकडे असते. खिडक्या उघडते, काचा पुसते, पायरीवर बसून चिमी पोहे खाते. रविवारी सकाळच्या गाडीने ती पेणला येतेच. अडतो तो शनिवार. सुशीलची शिफ्ट, चिमीची छाती, काही ना काही निघतं. नितेश जातो, पण गणपतीच्या मोसमात त्याला मान वर करायला फुरसत नसते.

तेव्हा तुम्ही पेणचे असाल, किंवा एखाद्या शनिवारी सकाळी त्या बाजूला येणं झालं, तर अनिताचं एवढं काम करा. गणपतीच्या कारखान्याच्या पुढचं, लाल गाडी उभी असलेलं घर. कडी आतून लावलेली नसते. गाडी गप्प दिसेल, त्यावर जाऊ नका. आत जा, गॅस पेटवा, चहा ठेवा, साखर कमी. काका सूचना करतील त्या ऐकून घ्या. कप अर्धाच भरा, आणि तो त्यांच्या डाव्या हातात द्या. नीट धरतात का ते बघा, आणि तिला कळवा.